प्रशांतचंद्र महालनोबिस : सर्व्हरच्या आधीचा माणूस

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपला डेटा अ‍ॅनालिटिक्स सर्व्हरचा प्रोजेक्ट मिळाला. लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मशीनवर लिनक्स टाकायचं, त्यावर डेटाबेस उभा करायचा, होस्टेल आणि मेसचा सगळा हिशोब त्यात भरायचा आणि ब्राउझरमधून कुणालाही आलेख पाहता येतील असा डॅशबोर्ड करून द्यायचा. कोणी नुसतं पाहायचं, कोणी बदलायचं याच्या परवानग्या, रात्रीचा बॅकअप, लाइट गेली तर मशीन नीट बंद व्हावं म्हणून यूपीएस, हे सगळं आमच्याच गळ्यात. आम्हाला वाटलं अख्खं सेमिस्टर जाईल. इन्स्टॉलेशन तीन दिवसांत झालं. चौथ्या दिवशी पडद्यावर छान रंगीत बार उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की मेसमध्ये रोज रात्री १८२ ताटं लागतात. रविवारी १८२. पोळ्याला १८२. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलवर कसेबसे वीस पोट्टे उरले होते, तेव्हाही १८२!

कारण शोधायला वेळ लागला नाही. रजिस्टर महिनाअखेरीस एकाच बैठकीत, एकाच पेनने भरलं जात होतं. सर्व्हर बिचारा काहीच चुकला नव्हता. त्याला जे दिलं ते त्यानं जपून ठेवलं आणि रंगवून दाखवलं.

गाइड सरांकडे तोंड पाडून गेलो. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त महालनोबिसांवर काहीतरी वाचून या असं सांगितलं. हे नाव मला माहीत होतं, पण माणूस म्हणून नाही. पायथनच्या सायपाय लायब्ररीत दोन बिंदूंमधलं अंतर काढायची बरीच फंक्शन्स आहेत, त्यात एक महालनोबिस नावाचं आहे. खरं सांगतो, बरेच दिवस मला हा कुणी ग्रीक गणिती वाटत होता. निघाले कलकत्त्याचे बंगाली बाबू! आणि आमच्या १८२ ताटांचं दुखणं त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलेलं होतं.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ चा, कलकत्त्यातल्या एका सुधारक ब्राह्मो कुटुंबातला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय त्यांना शिकवायला होते, मेघनाद साहा एक वर्ष मागे होते. १९१२ ला फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून ते पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. जायचं होतं लंडन विद्यापीठात. एक दिवस सहज केंब्रिज पाहायला गेले, किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये रमले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री एका मित्राकडे मुक्काम पडला, त्यानं सुचवलं की इथंच प्रवेश घेऊन टाक, आणि यांनी घेतला. गाडी चुकल्यामुळे आयुष्य बदललेली माणसं आपल्याकडेही असतील, पण बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवर रात्र काढून अजून तरी आमच्यातलं कुणी केंब्रिजला पोचलेलं नाही. असो. तिथं श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांची ओळख झाली.

१९१५ साली पहिल्या वर्गात पास होऊन घरी निघायची वेळ आली, तर महायुद्धामुळे बोट लांबली. रिकामा वेळ कॉलेजच्या लायब्ररीत जात होता. तिथं एका प्राध्यापकांनी त्यांना बायोमेट्रिका नावाच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे खंड दाखवले. यांना ते इतके आवडले की त्यांनी सगळा संचच विकत घेतला आणि बोटीवर वाचत वाचत ते हिंदुस्थानात आले. उतरले तेव्हा नोकरीनं फिजिक्सचे शिक्षक होते, डोक्यात मात्र भलतंच शिरलं होतं. त्या काळी आपल्या देशात संख्याशास्त्र हा विषय म्हणून कुठं शिकवतही नव्हते.

यातला पुढचा धागा आपल्या विदर्भातला आहे. १९२० साली इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं. तिथं त्यांची गाठ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्याशी पडली. हे झूलॉजिकल सर्व्हेचे संचालक. त्यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं पडून होती, उंची, डोक्याची रुंदी, नाकाची लांबी वगैरे. त्यांचं करायचं काय ते कळत नव्हतं. महालनोबिसांनी ती मापं घेतली आणि १९२२ मध्ये त्यावर आपला पहिला मोठा संख्याशास्त्रीय लेख लिहिला. त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करता करता पुढे ते प्रसिद्ध अंतर सापडलं. १९३६ च्या लेखात ते पूर्ण रूपात मांडलेलं आहे.

ते अंतर म्हणजे काय, हे आमच्या मेसवरून सांगतो. होस्टेलवर २० मुलं असणं ही वेगळी गोष्ट नाही, सुट्टीत असतातच. १८२ ताटं लागणं हीही वेगळी गोष्ट नाही, परीक्षेच्या आदल्या दिवसांत लागतातच. एकेक आकडा सुटा पाहिला तर दोन्ही शहाणे. पण २० मुलं आणि १८२ ताटं एकाच दिवशी दिसली की काहीतरी पाणी मुरतंय. साधं अंतर प्रत्येक रकाना वेगळा मोजतं, म्हणून ते इथं फसतं. महालनोबिसांचं अंतर रकान्यांमधलं नातं लक्षात घेऊन मोजतं. मुलं वाढली की ताटं वाढतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून नातं तोडणारा दिवस लगेच बाहेर पडतो. आज बँकेतला संशयास्पद व्यवहार पकडायला, उपग्रहाच्या चित्रातलं साग आणि बांबूचं जंगल वेगळं करायला, मशीनच्या बेअरिंगचा बिघाड ओळखायला हेच सूत्र वापरतात.

पण त्यांची थोरवी फक्त सूत्रात असती तर सरांनी आम्हाला तिकडे पाठवलं नसतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी वाचावा असा भाग पुराचा आहे. १९२२ मध्ये उत्तर बंगालात मोठा पूर आला. तज्ज्ञांनी पाणी अडवणारे प्रचंड तलाव बांधायचं सुचवलं. महालनोबिसांना पन्नास वर्षांचा पाऊस आणि पूर यांच्या नोंदी तपासायला दिल्या. त्यांनी हिशोब करून दाखवलं की असे तलाव पैसा खातील आणि पूर थांबणार नाही, गरज आहे ती पाण्याचा निचरा लवकर व्हायची. १९२६ ला ओरिसात ब्राह्मणी नदी फुटली. नदीचा तळ गाळानं वर आलाय, म्हणून बंधारे काही फूट उंच करा असं इंजिनिअरांचं मत पडलं. यांनी साठ वर्षांच्या नोंदी काढल्या. तळ वर आलेलाच नव्हता. वरच्या खोऱ्यात पाऊसच तेवढा पडला होता, म्हणजे उपाय वरच्या अंगाला धरणाचा. महानदीच्या खोऱ्यात पुढे हिराकूड उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हेच काम सांगितलं जातं. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगेकाठच्या गावांत काय होतं, पर्लकोटा चढली की भामरागड कसं तुटतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि प्रत्येक पुरानंतर पारावर एकेक तज्ज्ञ उभा राहतो हेही. जुनी नोंदवही उघडणारा मात्र क्वचितच भेटतो.

हे सगळं चालू होतं कॉलेजच्या एका खोलीतून. फिजिक्सचे तास घ्यायचे, मधल्या काळात अलीपूरच्या वेधशाळेचं काम पाहायचं आणि उरलेल्या वेळात चारदोन जणांना हाताशी धरून आकडेमोड करायची. त्या खोलीलाच लोक स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरी म्हणू लागले. १७ डिसेंबर १९३१ ला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पहिल्या वर्षाचा खर्च होता २३८ रुपये. १९३३ ला त्यांनी संख्या नावाचं नियतकालिक सुरू केलं, ते आजही जगभर वाचलं जातं.

आता ज्याला आपण प्लॅटफॉर्म म्हणतो, तो त्यांनी कसा उभा केला ते पाहू. बंगाल सरकारला तागाचं पीक किती क्षेत्रावर आहे ते हवं होतं. शेतन् शेत मोजायचं तर हजारो माणसं आणि पैशांचा चुराडा. महालनोबिसांनी काही तुकडेच निवडून मोजायचं ठरवलं, पण एकदम उडी मारली नाही. १९३७ मध्ये लहान भागात सुरुवात केली, दर वर्षी व्याप वाढवत नेला आणि १९४१ ला सगळ्या प्रांतात पाहणी केली. मधल्या वर्षांत माणसाला एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत चालायला किती वेळ लागतो, मोजायला किती, लिहायला किती, याच्याही नोंदी ठेवल्या. त्यावरून तुकडा केवढा घ्यावा आणि किती घ्यावेत याचं गणित बसवलं. १९४१ चा त्यांचा अंदाज व्यापारात प्रत्यक्ष आलेल्या तागाच्या आकड्याच्या कितीतरी जवळ होता, सरकारी आकडा मात्र बराच खाली राहिला. खर्चही सगळी शेतं मोजण्याच्या मानानं अगदी थोडा.

त्यांची खरी करामत मला वाटते ती वेगळीच. नमुन्याचे ते दोन स्वतंत्र भाग करत. दोन्ही भाग त्याच मुलखात एकमेकांत गुंतवलेले, पण माणसं वेगळी. एका तुकडीला दुसरीनं काय लिहिलं ते माहीत नाही. शेवटी दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवायचे. जवळ आले तर ठीक, लांब गेले तर कुठंतरी कुणीतरी झाडाखाली बसून फॉर्म भरलाय. चूक होणारच, असं धरून त्यांनी चूक मोजायची सोय पद्धतीतच करून ठेवली. आपल्या गडचिरोलीत सर्च संस्थेनं नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हाही जन्ममृत्यूची नोंद गावात चालू असायची आणि शिवाय ठरावीक काळानं घरोघर फिरून वेगळी पडताळणी व्हायची. १९९९ साली लॅन्सेटमध्ये तो अभ्यास आला आणि जगानं तो मानला. त्यात या दुहेरी मोजणीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

१९४३ च्या दुष्काळानंतर त्यांची माणसं बंगालच्या खेड्यांत गेली आणि किती घरांनी जमीन विकली, बैल विकले, किती घरं उघड्यावर आली याची पाहणी केली. ताग मोजायची पद्धत माणसांची हानी मोजायला वापरावी लागली.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांना हाताशी घेतलं. १९४९ मध्ये ते केंद्राचे मानद सांख्यिकी सल्लागार झाले. राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्षही तेच. समितीत दुसरे सदस्य होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि तिसरे व्ही. के. आर. व्ही. राव. देशाचं उत्पन्न मोजायला बसले तर आकडेच नाहीत! खेड्यातलं घर महिन्याला काय खातं, काय विकत घेतं, कुणालाच माहीत नव्हतं. त्यातून १९५० ला राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीला ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ एवढा काळ लागला आणि देशभरातून १,८३३ गावं निवडली गेली.

जरा डोळ्यांपुढे आणा. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ ला झाला. सगळा मिळून एक चांदा जिल्हा, मध्य प्रदेशात. अशा मुलखात एखादं गाव चिठ्ठीत निघालं की पाहणी करणाऱ्यानं चालत किंवा बंडीनं तिथं पोचायचं. सोयीचं गाव बदलून घ्यायची मुभा नाही, नाहीतर नमुना बिघडला. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया, ब्रह्मपुरीकडे झाडीबोली. धान कुठं खंडीत सांगणार, कुठं पायलीत, आणि पायलीही गावागणिक वेगळी. मोहफुलं, तेंदू, चारोळी हे उत्पन्न कुठल्या रकान्यात घालायचं? आपण डेटा क्लीनिंग म्हणून एसीत बसून जे करतो, त्याचा उगम अशा ठिकाणी आहे.

फॉर्म कलकत्त्याला जायचे. तिथं त्यांना सांकेतिक आकडे द्यायचे, ते कार्डांवर भोकं पाडून उतरवायचे, तपासायचे, मग यंत्रांनी कार्डं वेगळी करून तक्ते बनवायचे. माणसं हाताच्या मशीनवर हँडल फिरवत बसलेली. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. पण फेऱ्या येत राहिल्या, कागद साचत गेले आणि अहवाल वर्षानुवर्षं मागे पडू लागले. सर्व्हर लोडवर गेला म्हणतात ना, तसं. म्हणून महालनोबिसांना इलेक्ट्रॉनिक यंत्र हवं होतं. इन्स्टिट्यूटमधल्या तरुणांनी आधी स्वतःच एक छोटं अ‍ॅनालॉग यंत्र बनवलं. मग इंग्लंडहून एचईसी-२एम आलं आणि १९५६ पासून चालू झालं. हा भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर. मेमरी म्हणजे फिरतं ड्रम, त्यात जागा १,०२४ शब्दांची, एखाद्या लांबलचक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डएवढी. प्रोग्राम यंत्राच्याच भाषेत लिहायचा. बिघडलं तर फोन करायला कस्टमर केअर नाही, म्हणून इन्स्टिट्यूटचीच माणसं ते सांभाळायला शिकली. काही वर्षांत रशियाकडून उरल नावाचं दुसरं यंत्र आलं आणि १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या साथीनं घरचंच एक ट्रान्झिस्टरचं यंत्र तयार झालं. तारखा नीट पाहा. प्रयोगशाळेची खोली विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली, मशीन १९५६ चं. आम्ही आधी मशीन मागितलं होतं.

सगळं बरोबरच केलं असं नाही. भाताच्या कापणीवरून त्यांचा मोठा वाद झाला तो एका मराठी माणसाशी, साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी. महालनोबिस शेतात अगदी लहान वर्तुळ आखून तेवढंच पीक कापायचे. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगून दिसतं. कारण सोपं आहे. तुकडा जितका लहान, तितका त्याचा काठ क्षेत्राच्या मानानं जास्त, आणि काठावरचं धसकट आत की बाहेर असा प्रश्न आला की हात आपोआप ते आत घेतो. इथं सुखात्मे बरोबर ठरले. सुखात्म्यांचं दुसरं म्हणणं होतं की हे काम महसूल आणि शेती खात्याच्या माणसांकडूनच करून घ्यावं. महालनोबिसांना वेगळी, स्वतंत्र माणसं हवी होती. आज मूल, सिंदेवाही, नागभीडच्या बांधीत जो पीक कापणी प्रयोग होतो, तो गावपातळीवरचे महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी खात्याचे कर्मचारी करतात, म्हणजे सुखात्म्यांचा रस्ता. त्यातले काही प्रयोग तपासायला राष्ट्रीय पाहणीची माणसं येतात, ती महालनोबिसांची. ज्याच्या घरी धानाची शेती आहे, पीकविमा आहे, त्याला या भांडणाची किंमत सांगायला नको.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांचाच. त्यात भर अवजड उद्योगांवर होता. गडचिरोलीच्या ईशान्येला फार लांब नसलेलं भिलाई त्याच काळातलं. मुंबई विद्यापीठातले वकील आणि ब्रह्मानंद यांनी तेव्हाच टीका केली होती की लोकांच्या रोजच्या खाण्यापिण्याच्या वस्तूंकडे या मॉडेलचं दुर्लक्ष होतंय. पुढे धान्याची टंचाई आली तेव्हा ती टीका आठवली गेली. ज्या माणसानं खेड्यातल्या घराचं ताट मोजायला देशभर माणसं पाठवली, त्याच्याच मॉडेलमध्ये ताटाला जागा कमी पडली, हे मला चमत्कारिक वाटतं. स्वभावानंही ते एकहाती कारभार करणारे होते. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारखा शास्त्रज्ञ १९५७ ला इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि खटके उडून १९६१ ला निघून गेला. सगळे पासवर्ड एकाच अ‍ॅडमिनकडे असले की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

१९४५ ला ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९६८ ला पद्मविभूषण मिळालं. घरी निर्मलकुमारी, ज्यांना सगळे राणी म्हणत, आणि दोघांचाही रवींद्रनाथांशी घरोबा. महालनोबिस तर दहा वर्षं विश्वभारतीचे सहसचिव होते. १९७० मध्ये सरकारनं पाहणीसाठी वेगळी संघटना केली आणि वीस वर्षं सांभाळलेलं काम इन्स्टिट्यूटच्या हातून गेलं. २८ जून १९७२ ला ते गेले. दुसऱ्या दिवशी ७९ पूर्ण झाले असते. २००७ पासून २९ जून हा दिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिवस म्हणून पाळतात.

आमच्या प्रोजेक्टचं सांगायचं राहिलं. आम्ही डॅशबोर्ड महिनाभर बंद ठेवला. ताटं मोजायला दोन जण बसवले, एक वाढायच्या जागी आणि एक ताटं धुवायच्या जागी. दोघांना एकमेकांची वही दाखवायची नाही असं ठरलं. पहिल्या रविवारी एकाच्या वहीत १४१ आली आणि दुसऱ्याच्या वहीत १६४. तेवीस ताटं कुठून आली ते अजून शोधतोय. मेसवाल्या काकांचं म्हणणं पडलं की डबल ताट घेणारे कोण आहेत ते सगळ्या विंगेला माहीत आहे, त्यासाठी सर्व्हर कशाला पाहिजे.